छंद हा वेळेचा अपव्यय आहे काय?

आपल्या भाषेंत ‘छंद’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. कवितेच्या वृत्तासही छंदच म्हणतात. आणि जो मनुष्य घरदार विसरून भलत्याच गोष्टीच्या मागें लागला त्यासही छंदीफंदी म्हणून नांवें ठेवितात. ‘नाद’ या शब्दाचीही तीच गत. मृदंगांतून निघतो तोही नाद, आणि जुगाराचा लागतो तोही नादच. दिवसभर घाम गाळून जे भाकर मिळवितात, त्यांना पोटाच्या कामावांचून दुसरें कांहीं हातीं धरणाऱ्याविषयीं मनांतून थोडा संशय वाटत असतो. तोच या शब्दांत उतरला असावा. खेड्यापाड्यांतील शिक्षक व उपदेशक बंधूही आम्हांस वारंवार विचारतात कीं, शाळा सुटल्यावर किंवा शेताचें काम उरकल्यावर एखाद्यानें लांकूड कोरीत बसावें, वही घेऊन गोष्टी लिहाव्या, कागदाचीं फुलें करावीं, हें योग्य काय? तो वेळ देवाचा, कुटुंबाचा, कीं त्याचा स्वतःचा?

या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देणें सोपें आहे, आणि पुष्कळ जण तें देतातही. आम्ही तसें न करितां इंग्लंडांतील एका कादंबरीकर्त्या बाईंच्या रोजच्या जीवनाकडे वाचकांचें लक्ष वेधितों. कादंबरी हें नांव ऐकून कोणी दचकूं नये. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिची गणना होते ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं आपल्याच बाबा पदमनजींनीं लिहिली. परंतु ज्या बाईंविषयीं आम्ही लिहीत आहों त्या आपल्या श्रद्धेच्या नव्हत्या, आणि त्यांचा शेवटही दुःखाचा झाला, हें आरंभींच सांगून ठेवितों. ज्यांतून सरळ बोध काढतां येतो अशीं चरित्रें आपण पुष्कळ वाचतों. हें तसें नाहीं, आणि म्हणूनच तें आम्हांस या प्रश्नाच्या कामीं अधिक उपयोगी वाटतें.

व्हर्जिनिया वुल्फ यांचा जन्म लंडन येथें २५ जानेवारी १८८२ रोजीं झाला. वडील सर लेस्ली स्टीफन मोठे विद्वान. इंग्लंडच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे ते पहिले संपादक. भाऊ केंब्रिजास शिकावयास गेले. मुलगी बहुतेक घरींच, बापाच्या पुस्तकांच्या कपाटांपुढें, शिकली. तेरा वर्षांची असतां आई वारली, आणि तेव्हांपासून मनाचा एक आजार तिच्या पाठीस लागला. तो मधून मधून उसळे. १९१२ सालीं लेनर्ड वुल्फ यांच्याशीं तिचा विवाह झाला. हे गृहस्थ १९०४ पासून १९११ पर्यंत सिलोनांत सरकारी अंमलदार होते. लग्नानंतर वर्षभरांतच वुल्फबाईंचा आजार इतका विकोपास गेला कीं त्यांच्या जिवाची आशा सुटत आली. १९१५ त पुन्हां तोच प्रकार झाला. त्यांची पहिली कादंबरी त्याच वर्षीं बाहेर पडली, त्या वेळीं त्या आजारींच होत्या.

लेनर्ड यांच्या मनांत असें आलें कीं, लिहिणें हें काम टेबलावरून उठलें तरी डोक्यांतून उठत नाहीं. दुपारच्या वेळीं बाईंच्या हातांस असें कांहीं तरी द्यावें कीं ज्यांत हात गुंतावे आणि डोकें मोकळें व्हावें. छपाई शिकवणाऱ्या शाळेंत दोघांनीं चौकशी केली. तेथें उत्तर मिळालें कीं, ही विद्या कामगारसंघाच्या उमेदवारांखेरीज कोणास शिकवीत नाहींत. पुढें मार्च १९१७ मध्यें लंडनच्या फॅरिंग्डन रस्त्यावरून जातां जातां एका दुकानाच्या कांचेआड त्यांना छपाईचें सामान दिसलें. त्यांनीं हातानें चालविण्याचें एक लहानसें यंत्र, कांहीं खिळे व सोळा पानांची एक माहितीपत्रिका, असा सर्व सरंजाम १९ पौंड ५ शिलिंग ५ पेन्सांस विकत घेतला. तो रिचमंड येथील हॉगार्थ हाऊस या त्यांच्या घरीं जेवणाच्या खोलींत मांडला गेला. एका वेळीं एकच पान छापेल एवढेंच तें यंत्र होतें.

लेनर्ड यांचे हात जन्मापासून कांपत. बारीक खिळे त्यांना उचलतां येत नसत. तेव्हां यंत्र ओढण्याचें काम त्यांच्याकडे आणि खिळे जुळविण्याचें बाईंकडे, अशी वांटणी झाली. ज्यानें छापखान्यांत जुळाऱ्याचें काम पाहिलें आहे त्यास हें काय असतें तें सांगावयास नको. एक एक अक्षर खणांतून उचलावयाचें, उलटें वाचावयाचें, ओळीचें माप पाहून मधल्या फटी भरावयाच्या, आणि पान छापून झालें कीं तेंच अक्षर पुनः ज्याच्या त्याच्या खणांत टाकावयाचें. आपल्या बाळबोध लिपीचे खिळे इंग्रजीहून किती तरी अधिक, तेव्हां आपले जुळारी याहूनही धीराचे म्हटले पाहिजेत! आरंभीं बाईंच्या हातून एका अक्षराच्या खणांत दुसरेंच अक्षर पडूं लागलें. एप्रिलांत यंत्र घरीं आलें. जुलैंत पहिलें पुस्तक निघालें. त्यांत एक गोष्ट बाईंची, एक लेनर्ड यांची, आणि प्रती १५०. पुस्तकें शिवणें, त्यांना रंगीत कागदाचीं वेष्टनें घालणें, चिठ्ठ्या डकविणें हीं कामेंही बाई स्वतः करीत.

आतां त्यांचा दिवस कसा जाई तें सांगतों. सकाळीं न्याहारीपूर्वीं त्या स्नान करीत, तेव्हां आपण लिहिलेलीं वाक्यें मोठ्यानें म्हणून पाहत. खालीं स्वयंपाकघरांत काम करणाऱ्या बाईस तो आवाज ऐकूं येई, आणि प्रथम तिला वाटलें कीं वर दोन-तीन माणसें असावींत. नऊ-दहा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत त्या लिहीत. तेवढ्या वेळांत कोणीं त्यांच्याकडे जावयाचें नाहीं. दुपारीं पायीं फिरणें, कुत्रा बरोबर. अथवा खिळे जुळविणें, पुस्तकें बांधणें. चहानंतर पत्रें किंवा रोजनिशी. रात्रीं वाचन, फोनोग्राफवर संगीत, आणि कधीं कधीं हातांत लोंकरीचें विणकाम किंवा खुर्चीच्या गादीवर भरतकाम. १९१९ सालीं ससेक्स परगण्यांत रॉडमेल या खेड्यांत त्यांनीं लिलांवांत ७०० पौंडांस एक जुनें घर घेतलें. त्यास मंक्स हाऊस म्हणतात. त्यांत ना नळ, ना न्हाणीघर, ना दिवाबत्तीची सोय. बाईंच्या पुस्तकांस पैसे मिळूं लागले तेव्हां, १९२६ त, तेथें नळाचें पाणी आलें. म्हणजे कादंबरी विकून न्हाणीघर बांधलें! ही गोष्ट आम्हांस विनोदाची वाटत नाहीं. ज्या घरांतली बायको डोक्यावरून पाणी आणते तेथें अशा खर्चाची योग्यता कळेल.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हा तर आजाऱ्याचा औषधोपचार झाला. छंदाचा प्रश्न येथें कोठें आला? तो असा आला कीं, औषध म्हणून आणलेल्या यंत्रानें घरांतली व्यवस्थाच पालटून टाकिली. १९१९ च्या मे महिन्यांत त्यांनीं बाईंची दुसरी एक लहान गोष्ट छापिली. आरंभीं ती फारशी खपली नाहीं. एका वजनदार साप्ताहिकानें तिची स्तुति केली, आणि दोघें गांवाहून परत येतात तों दारांत मागणीच्या पत्रांचा सडा पडलेला! हाताच्या यंत्रानें तेवढ्या प्रती निघणें शक्य नव्हतें. दुसरी आवृत्ति बाहेरच्या छापखान्याकडून काढावी लागली. बाईंच्या पहिल्या दोन कादंबऱ्या त्यांच्या सावत्र भावाच्या प्रकाशनसंस्थेनें काढिल्या होत्या. १९२२ पासून पुढल्या सर्व त्यांनीं आपल्या हॉगार्थ प्रेसच्या नांवानें आपणच प्रसिद्ध केल्या. छपाई मोठ्या कारखान्यांत, पण हुकूम स्वतःचा. संपादकास काय आवडेल, प्रकाशक कोणतें प्रकरण काढावयास सांगेल, ही धास्ती गेली. आणि ज्या नव्या रीतीनें त्यांना लिहावयाचें होतें त्या रीतीनें त्या लिहूं शकल्या. टी. एस. एलियट यांचें १९२२ चें प्रसिद्ध दीर्घकाव्य १९२३ त पुस्तकरूपानें त्यांनीं काढिलें, त्याचेही खिळे बाईंनीं आपल्या हातांनीं जुळविले. आपल्या देशाशींही या छापखान्याचा थोडा संबंध आला: १८५७ च्या बंडाविषयीं इंग्रजांच्या वागणुकीवर ताशेरा ओढणारें एडवर्ड थॉम्प्सन यांचें पुस्तक १९२५ त, आणि दिल्लीच्या जुन्या जीवनावरील अहमद अली यांची कादंबरी १९४० त, येथूनच निघाली.

तेव्हां छंद वेळ खातो हें म्हणणें निदान या ठिकाणीं टिकत नाहीं. दुपारच्या त्या दोन तासांनीं सकाळच्या तीन तासांना स्वातंत्र्य मिळवून दिलें. पण एवढ्यावर थांबून ‘पहा, छंद किती लाभदायक!’ असें म्हणणें आम्हांस लबाडीचें वाटतें. कारण छंदाची किंमत जर त्याच्या नफ्यावरून ठरवावयाची, तर तो छंद राहिलाच कोठें? तो दुसरा धंदा झाला. वुल्फबाईंनींही तें अनुभविलें. छापखाना वाढला, तशीं इतरांचीं हस्तलिखितें वाचणें, हिशेब, नोकरांचे तंटे हीं ओझीं आलीं. १९३० त नवराबायको मोटारींत पुस्तकांचे नमुने घेऊन इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील दुकानदारांच्या दारोदार हिंडलीं. शेवटीं १९३८ त बाईंनीं छापखान्यांतला आपला वांटा दुसऱ्यास विकून टाकिला.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, आणि आमच्या वाचकांच्या दृष्टीनें तीच मुख्य. बाई दुपारीं खिळे जुळवीत तेव्हां चुलीपाशीं कोण होतें? नेली बॉक्सॉल नांवाची बाई १९१६ पासून १९३४ पर्यंत, अठरा वर्षें, त्या घरीं स्वयंपाक करीत होती. कोळसा वाहणें, पाणी तापविणें, भांडीं, अंथरुणें हीं कामें तिनें व तिच्या सोबतिणीनें केलीं. तिच्याविषयीं बाईंच्या रोजनिशींत पुष्कळ त्रागा लिहिलेला आहे, आणि तो वाचून बाईंविषयींचा आपला आदर वाढत नाहीं. १९२९ त ‘स्त्रीस लेखन करावयाचें तर वर्षास पांचशें पौंड आणि स्वतःची एक खोली हवी’ अशा अर्थाचें जें पुस्तक बाईंनीं लिहिलें, तें खरेंच बोलतें. त्यांना स्वतःला १९०९ त त्यांच्या एका आत्याकडून २,५०० पौंडांचा वारसा मिळाला होता. ही आत्या क्वेकर पंथाची भाविक लेखिका होती. पण नेलीला खोली कोणी द्यावी? आम्हांस वाटतें, छंदाविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकानें हा प्रश्न एकदां तरी मनांत आणावा: माझे हात रिकामे राहावे म्हणून कोणाचे हात भरलेले आहेत? पुष्कळ घरीं याचें उत्तर ‘बायकोचे’ असें येईल. जो उपदेशक संध्याकाळीं पेटी घेऊन बसतो आणि ज्याची बायको त्या वेळीं दळण, पाणी, मुलें सांभाळीत असते, त्याची पेटी सुरांत असली तरी हिशेबांत चूक आहे.

याच घरांतली पावाची गोष्ट मात्र वेगळी आहे. वुल्फबाईंस स्वयंपाक येत नव्हता. १९१४ च्या सुमारास त्या पाकशाळेंत शिकावयास गेल्या, तेव्हां त्यांच्या लग्नाची आंगठी पिठांत जाऊन पदार्थाबरोबर शिजली! परंतु पाव करणें त्यांना फार आवडे. १९२९ त रॉडमेलच्या घरीं तेलाची शेगडी आली तेव्हां आतां आपण आपल्या हातानें रांधून खाऊं शकतों याचा त्यांना लहान मुलाप्रमाणें आनंद झाला. १९३४ त लुई नांवाची दुसरी स्वयंपाकीण आली. तिनें पुढें सांगितलें आहे कीं, खालीं मोठा व वर लहान गोळा ठेवून भाजावयाचा गांवठी पाव कसा मळावा, किती वेळां मळावा, हें बाईंनींच तिला शिकविलें. एकच कणीक, मळणारीं दोघी. एकीला तें नोकरींतलें काम, दुसरीला विसावा. फरक कणकेंत नाहीं, हातांतही नाहीं. बाईंना कंटाळा आला तर त्या पीठ झटकून बागेंतल्या आपल्या लिहिण्याच्या खोलीकडे जाऊं शकत होत्या. लुईला तें शक्य नव्हतें.

हा फरक आपल्या लोकांइतका कोणास ठाऊक असेल? ज्यांच्या वाडवडिलांनीं दोर वळले, चामडें कमावलें, टोपल्या विणल्या, झाडलोट केली, त्यांना तें काम जन्मानें चिकटवलेलें होतें. तें टाकण्याची मुभा नव्हती. १९५८ च्या कायद्यानें महारकीसारखीं कनिष्ठ वतनें नाहींशीं झालीं, परंतु हाताच्या कामाची शिसारी मनांतून गेली नाहीं. शिकलेला मुलगा घरच्या आंब्याच्या झाडाला आळें करावयासही लाजतो, आणि त्याचा बाप त्यास तें करूं देत नाहीं. म्हणतो, ‘एवढें शिकविलें तें यासाठीं काय?’ या बापास आळशी म्हणणारे शहरांतले लोक आम्ही पाहिले आहेत. त्याचा राग आम्हांस समजतो. ज्याला कधीं नाहीं म्हणतां आलें नाहीं, त्याची पहिली मोकळीक ‘नाहीं’ म्हणण्यांतच असते. तेव्हां श्रीमंत विलायती बाई शाईनें हात माखून घेत होती, म्हणून तूंही कर, असा उपदेश त्याला करणें अन्यायाचें होईल.

परंतु त्याच घरांत त्याच मनुष्याची आई किंवा बायको गोधडी शिवीत असते. जुन्या लुगड्याधोतरांच्या घड्या थंडीपुरत्या शिवाव्या तर उभे टांके पुरे आहेत. ती तेवढ्यावर थांबत नाहीं. कांठाकांठानें आंत वळत जाणारी चौकट काढते, मधोमध लाल चौकोन बसविते, कोपऱ्यावर निराळ्या रंगाची चिंधी घालते. हें कोणीं सांगितलें नव्हतें, आणि याबद्दल कोणी पैसा देणार नाहीं. तिला कोणी विचारलें कीं तुझा छंद काय, तर ती हंसेल; म्हणेल, मला कुठला छंद, मला काम आहे. आम्ही म्हणतों, त्या लाल चौकोनाइतकी ती मोकळी आहे. आमचा विचार असा ठरला आहे कीं छंदाचें मर्म फावल्या वेळांत नाहीं. ज्या कामांत मनुष्यास आपल्या इच्छेनें कांहीं अधिक घालतां येतें, तेवढा त्याचा भाग छंद होतो, मग तें काम पोटाचें असो वा नसो. ज्या गुलामगिरींत तेवढाही अवकाश राहिला नव्हता तिचें नांवच निघूं नये. पण ज्या कामांत तो राहिला, तें हातचें सोडूं नये.

आतां जें सांगण्यास मन कचरतें तें सांगतों. हाताच्या कामानें बाईंचा आजार बरा झाला काय? १९१७ त यंत्र आणलें त्यापुढें चोवीस वर्षें त्या जगल्या, आणि त्यांचीं सर्व मोठीं पुस्तकें त्या काळांत झालीं. १९४० त लंडनवर विमानांतून बाँब पडले. त्यांचीं शहरांतलीं दोन्ही बिऱ्हाडें मोडलीं, छापखाना दुसऱ्या गांवीं हलवावा लागला. १९४१ च्या आरंभीं आजार पुन्हां उसळला. २८ मार्च रोजीं सकाळीं लेनर्ड यांनीं त्यांना लुईबरोबर खोली झाडण्यास सांगितलें. जुनाच उपाय, हात गुंतावे म्हणून. लुईनें सांगितलें आहे कीं बाईंनीं फडकें घेतलें, थोडा वेळ पुसलें, मग खालीं ठेवून त्या निघून गेल्या. त्याच दिवशीं त्यांनीं आपल्या जिवाचा अंत करून घेतला. त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या.

यावर कोणी कठोर शब्द काढील तर आम्ही त्याच्या पंक्तीस बसणार नाहीं. ज्या नवऱ्यानें इतकीं वर्षें पहारा केला, त्यालाही त्या सकाळीं फडक्याहून अधिक कांहीं सुचलें नाहीं. दुरून बोलणाऱ्या आपणांस काय सुचणार? मात्र मंडळींतल्या वडील माणसांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मन खचलेल्या मनुष्यास ‘कामाला लाग, म्हणजे बरें वाटेल’ असें सांगण्याची आपली रीत आहे. कधीं तें खरें होतें. पण जें काम तो स्वतः निवडीत नाहीं, तें त्याच्या हातांत घातलेलें फडकेंच राहतें. आणि त्याच्यापाशीं कोणी बसावें लागतें, डॉक्टराकडे न्यावें लागतें, तें कामाच्या नांवानें टाळतां कामा नये. अशा माणसास गांवांत वेडा म्हणून हिणविण्याची चाल अजून गेलेली नाहीं, आणि प्रार्थनेची हांक देऊन आपली जबाबदारी संपली असें मानण्याची चालही गेलेली नाहीं.

लेनर्ड वुल्फ त्यानंतर अठ्ठावीस वर्षें त्याच घरीं राहिले आणि बागकाम करीत राहिले. १९६९ त तेथेंच वारले. १९८० पासून तें घर इंग्लंडांतील नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यांत आहे, आणि लोक तें पाहावयास जातात. पहिल्या लहान यंत्रानंतर, १९२१ त, त्यांनीं पायानें चालविण्याचें एक मोठें यंत्र घेतलें होतें. तें पुढें बाईंनीं केंट परगण्यांतील एका लेखिका मैत्रिणीस देऊन टाकिलें, आणि त्या मैत्रिणीच्या सिसिंगहर्स्ट येथील मनोऱ्यांत तें अद्याप ठेवलेलें आहे.